पालावरच्या माणसाला 'बेघर' म्हणायचं का?

(माळरान, नमुना चौदा, कासरा आणि पाणंद या टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा.)

माळरान

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण कीव करायला वापरतो. भटक्यांविषयीच्या सरकारी कागदांचा सूरही तोच: घर नाही ना, मग घर द्या. माझं म्हणणं, फिरस्ता वेगळा आणि बेघर वेगळा.

फलटण-बारामतीकडचे हटकर धनगर घ्या. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे कळप घेऊन एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा तांडा, निघतो, काही वाडे घाट उतरून कोकणात जातात. भात कापलेल्या खाचरात रात्री मेंढरं बसवायची. लेंडीमुताचं खत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य किंवा रोख पैसे धनगराला. बिऱ्हाड घोड्यावर, मेंढरांभोवती जाळीची वाघर, राखणीला कुत्री. पुढचा मुक्काम कुणाच्या शेतात, हे आधी माणूस पाठवून ठरवलेलं असतं. मृग लागायच्या आत घाट चढावाच लागतो, कारण कोकणच्या पावसात दख्खनी मेंढीचे खूर सडतात, पोटात जंत होतात. तोवर वरच्या माळांवर वळवाच्या पावसाचं गवत फुटायला लागलेलं असतं. यातल्या बऱ्याच जणांचं गावात घर आहे. त्यांना कमी पडतात ती वाट आणि चराई. गायरानांवर अतिक्रमणं झाली, जंगलात रोपवनाच्या नावाने चराईबंदी आली, घाटरस्त्यावर ट्रकांच्या गर्दीतून कळप हाकावा लागतो.

यावर उपाय काय, तर यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेतले कुटुंबामागे 5 गुंठे आणि 269 चौरस फुटांचं घर. दोनशे मेंढरांचा कळप 5 गुंठ्यांत चरणार कसा?

नमुना चौदा

सहमत नाही. भटक्यांमधलं सगळ्यात सोयीचं उदाहरण तुम्ही निवडलंत. धनगराचं फिरणं ऋतूवर चालतं आणि त्याच्यामागे कळपाची पुंजी असते. भटक्या जमातींच्या ब गटाकडे बघा: वैदू, मसणजोगी, कुडमुडे जोशी, डवरी गोसावी, नंदीवाले. त्यांचं फिरणं गावाने घातलेल्या पसाभर धान्यावर चालायचं, ते धान्य आटलं.

काही व्यवसाय तर कायद्यानेच संपवले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने गारुड्याचा साप गेला. 1998 च्या अधिसूचनेने अस्वल आणि माकडाचे खेळ बंद झाले, तिथे दरवेशाचं पोट संपलं. प्राण्यांसाठी ते योग्यच होतं, पण ज्यांचा धंदा गेला त्यांना बदली धंदा कुणी दिला? त्यावर 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरत करणं या निमित्ताने दान घेतलं तरी ती भीक ठरते, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये यातली कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती.

1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या पाच डवरी गोसाव्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार केलं. पिढ्यान्पिढ्या भिक्षेला फिरणारी माणसं ती. त्यांच्या मुलांना फिरण्याचा हक्क हवा की दार लावून आत बसता येईल असं घर?

कासरा

साहित्याची साक्ष काढू. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 चं, कैकाड्यांचं, गाढवावरच्या बिऱ्हाडाचं आणि टोपल्या विणण्याचं. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' 1987 चं. दोन्हींना साहित्य अकादमी मिळाली. फिरण्याचं कौतुक या दोन्हींत सापडत नाही, इथवर मी नमुना चौदा यांच्या बाजूने. मराठी कवितेतला मोकळ्या वाटेचा वाटसरू हा घर असलेल्या माणसाचा आहे, तो भटक्यावर चिकटवू नये.

पण राग कुणावर आहे तेही वाचा. टिकू न देणाऱ्या गावावर आहे, कुठेही चोरी झाली की पालावर येणाऱ्या पोलिसांवर आहे. आणि 'वसवणं' हा शब्द या लोकांसाठी निर्मळ नाही. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड वस्ती, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास आणि गिरण्यांना हुकमी मजूर. सरकारने यांना दिलेलं पहिलं 'घर' ते. यातला शेवटचा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, म्हणून भटके-विमुक्त हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात.

नमुना चौदा

कासरा, सेटलमेंट आणि घरकुल एका तराजूत घालू नका. घरकुलाला कुंपण नाही आणि हजेरीही नाही. दाराला कुलूप लावून सहा महिने फिरा, परत आल्यावर म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं तिथेच असतील. एवढ्यासाठी तरी घर लागतंच.

पाणंद

दोघेही मधली पायरी सोडताय. घर मागायला जातीचा दाखला लागतो आणि गाडी तिथेच रुतते.

विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी मानीव तारीख 21 नोव्हेंबर 1961. त्या दिवशी किंवा त्याआधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवायचं. दर आठवड्याला गाव बदलणाऱ्याने कसं दाखवायचं? पुरावे शोधण्याचा क्रम मी असा धरतो. आधी आजोबा-पणजोबा आणि त्यांच्या भावंडांपैकी कुणी शाळेत गेलं होतं का ते विचारायचं आणि त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढायचा. मग गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाची जन्म-मृत्यू नोंद. मुक्कामात एखादं मूल जन्मलं किंवा कुणी दगावलं असेल तर ते गाव म्हाताऱ्यांना पक्कं आठवतं, तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या गावाचं बाड मागायचं. विमुक्तांच्या बाबतीत सेटलमेंटची जुनी रजिस्टरंही पुरावा ठरतात. ज्या नोंदींनी आजोबांना छळलं, त्याच नातवाला वाचवतात.

बिघडतं कुठे? नोंदीत जातीच्या जागी नुसतं 'भिक्षुक', 'हिंदू' किंवा 'जोशी' लिहिलेलं असतं. आडनाव दर पिढीला वेगळं. काहीच न मिळाल्यास गृहचौकशी मागता येते: अधिकारी पालावर येऊन भाषा, कुलदैवत, सोयरीक, परंपरागत धंदा यांची विचारपूस करून पंचांसमक्ष अहवाल करतो. हा अर्ज लेखीच द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी मागणीला 'पुरावा आणा' एवढंच उत्तर मिळतं.

पुढचा अडथळा जागेचा. मुक्त वसाहतीला वीस कुटुंबांमागे एक हेक्टर लागतं. मोकळी दिसणारी जमीन बहुधा गायरान असते, आणि ग्रामसभेत विरोध झाला की फाईल थांबते. 

माळरान

पाणंद यांच्या प्रतिसादानंतर मी एक पाऊल मागे येतो. दाखला आणि पत्ता आधी, हे मान्य. डवरी गोसाव्यासाठी घर आधी, हेही मान्य. मेंढपाळाबाबत मात्र मी हटत नाही. त्याला 269 फूट द्यायचेच तर गायरानाचा तुकडा तोडून देऊ नका, त्याचीच चराई जाते. आणि पोरांसाठी फिरणं थांबवा असंही म्हणू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, जन्माचा पुरावा नसला तरी नाही. वाडा उतरतो त्या गावच्या मुख्याध्यापकाला हे माहीत असेल तर पोर त्या दिवसापासून वर्गात बसेल.

नमुना चौदा

मुख्याध्यापकाला माहीत असेल तर! सगळं त्या 'तर'वर आहे. ज्या पालावर मतं नाहीत तिथे कायदा सांगायला कुणी जात नाही. म्हणून घरकुलाची वाट न बघता एक काम आजच होण्यासारखं आहे. मतदार नोंदणीच्या नमुना 6 मध्ये बेघर माणसाला तो झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहिता येते, निवासाचा कागद लागत नाही. बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, एकापेक्षा जास्त रात्री तिथे येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का, हे पाहायचं असतं. बहुतेक अर्ज पडतात ते याच टप्प्यावर, कारण बीएलओ दिवसा येतो आणि तेव्हा पाल रिकामं असतं. म्हणून पाल किमान महिनाभर हलणार नाही अशाच वेळी, पावसाळ्याच्या मुक्कामात, अर्ज भरायचा. पत्त्यात जवळचा विजेचा खांब, पूल किंवा देऊळ लिहायचं. आणि पालावर असेल तो एक तरी मोबाइल नंबर द्यायचा.

कासरा

नमुना चौदा, तुम्हीच आता पालाला पत्ता म्हणालात.

नमुना चौदा

म्हणालो. घर मिळेपर्यंतचा पत्ता.