ब्राम्स वाजवताना क्लाराची गोष्ट सांगावी का?

काळी पाच: पियानो आणि निवेदन अशा कार्यक्रमांत संगीतकार ब्राम्स आणि पियानोवादक-रचनाकार क्लारा शूमन यांची गोष्ट हमखास असते. साचा ठरलेला. १८५३ मध्ये तरुण ब्राम्स शूमन दांपत्याच्या डुसेलडॉर्फच्या घरी येतो, १८५४ च्या फेब्रुवारीत क्लाराचा नवरा, संगीतकार रॉबर्ट शूमन ऱ्हाईन नदीत उडी घेतो, मग एन्डेनिशचं मनोरुग्णालय, १८५६ मध्ये मृत्यू. शेवटी निवेदक आवाज खाली आणून 'अव्यक्त प्रेमपत्र' म्हणतो आणि ब्राम्सच्या ओपस ११८ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) या सहा पियानो-तुकड्यांच्या संचातलं दुसरं, इंटरमेझो नावाचा छोटा तुकडा, सुरू होतं. १८९३ चा हा संच क्लाराला अर्पण आहे, पण सहाच्या सहा तुकड्यांसकट. त्यात जी मायनर या स्वरपट्टीतलं दणकट बॅलड आहे आणि शेवटचा ई फ्लॅट मायनर तर काळाकुट्ट. मग प्रेमपत्र एकटं दुसरंच कसं? दोघांनी आपापली पत्रं परत घेऊन बरीचशी नष्ट केली. ती जागा निवेदकाने का भरावी? माहिती छापून द्या, मंचावर नुसतं वाजवा.

मध्यसप्तक: असहमत. ब्राम्सचं ओपस ९ घ्या. शूमनच्या ओपस ९९ मधल्या चौथ्या तुकड्यावर क्लाराने १८५३ मध्ये, रॉबर्टच्या वाढदिवसासाठी, ओपस २० रचलं, म्हणजे त्या धूनची व्हेरिएशन्स, बदलती रूपं. पुढच्याच वर्षी, रॉबर्ट एन्डेनिशला असताना, ब्राम्सने त्याच धूनवर सोळा व्हेरिएशन्स लिहिली. दहाव्यात क्लाराने लहानपणी रचलेली एक धून डोकावते. खासगी आयुष्य इथे स्वरलिपीतच आहे आणि छापील पत्रिका वाचून ते कानाला लागत नाही. आधी क्लाराची धून एका हाताने दोनदा वाजवा, मग दहाव्यातली ती जागा सावकाश दाखवा, आणि त्यानंतर ओपस ९ सलग. शिवाय मूळ तुकडा, ओपस २०, ओपस ९ ओळीने घेतले तर अर्ध्या तासात बहुतेक सगळं एफ शार्प मायनर. मधे बोलणं आलं की कान जरा सुटतो.

काळी पाच: याला मी रचनेची ओळख म्हणेन, चरित्र नव्हे, आणि तिला माझी ना नाही. त्यात क्लारा रचनाकार म्हणून तरी येते. एरवीच्या संहितेत ती कुणाची तरी बायको, नाहीतर कुणाची तरी प्रेयसी.

विंगेतून: वाद चालू द्या, पण कार्यक्रम पडतो तो बोलणं आणि वादन यांच्या सांध्यावर. ग्रँड पियानोच्या उघड्या झाकणासमोर निवेदक उभा केला की त्याचा माईक पियानो उचलतो. थेट नाद आणि स्पीकरचा नाद एकमेकांत मिसळून पियानो पत्र्यासारखा वाजतो. वादन चालू असताना त्या माईकचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) पूर्ण खाली. त्याला प्रेक्षकांच्या डावीकडे, वादकाच्या पाठीमागे उभा करा. तिथे तो वादकाला दिसत नाही, म्हणून प्रत्येक निवेदनाचं शेवटचं वाक्य पक्कं हवं. आयत्या वेळी ते बदललं की वादक हात मांडीवर ठेवून बसून राहतो. एका वेळी दोन मिनिटं, म्हणजे सव्वादोनशे शब्द, पुरे. आणि वादकाच्या पायाखालचं पेडल सुटून नाद थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सुगम संगीतात वाद्यमेळावर बोलायची सवय असते, ती इथे घात करते.

मध्यसप्तक: मग ओपस ११८ चे सहाही तुकडे सलग वाजवू. आधी फक्त अर्पणपत्रिकेचं एक वाक्य.

काळी पाच: चालेल. पण दुसऱ्यानंतर टाळ्या पडणारच.

मध्यसप्तक: पडू द्या. पुढे बॅलडच आहे, टाळ्यांवरच सुरू करायचं.