इंग्लंडमध्ये खासगी पार्किंगची नोटीस : पहिलं अपील फेटाळलं, आता पॉप्लात काय लिहायचं?

रानजाई

नमस्कार. इंग्लंडमधल्या एका रिटेल पार्कमध्ये पैसे भरून गाडी लावायची जागा आहे, तिथली नोटीस आली आहे. तपशील असा:

घटना सोमवार, ३ मार्च २०२५ ची. कॅमेऱ्यानुसार गाडी आत ११:४२ ला, बाहेर १३:०२ ला. मशीनवर ११:५३ ला एका तासाचे पैसे भरले, तिकिटावर मुदत १२:५३. काचेवर काहीही लावलेलं नव्हतं, नोटीस थेट पोस्टाने आली. तिच्यावर तारीख शुक्रवार, १४ मार्च. रक्कम १०० पौंड, १४ दिवसांत भरल्यास ६०.

पहिल्या अपिलात "नोंदणीकृत कीपर या नात्याने ही मागणी मला अमान्य आहे, पैसे भरल्याचं तिकीट सोबत जोडलं आहे" एवढंच लिहिलं होतं. गाडी कोण चालवत होतं त्याचा उल्लेख केला नव्हता. ९ एप्रिलचं उत्तर आलं: भरलेला वेळ ६० मिनिटं, प्रत्यक्ष मुक्काम ८० मिनिटं, अपील नामंजूर. ६० पौंड भरायला पुन्हा १४ दिवस दिलेत आणि पॉप्ला, म्हणजे खासगी पार्किंगच्या वादांवर निकाल देणारी स्वतंत्र अपील यंत्रणा, तिथे जायचा दहा आकडी कोडही दिलाय.

पॉप्लात गेलं की सवलत जाते असं ऐकलं. ६० भरून मोकळं व्हावं का? आणि बरोबर लहान मुलं असल्यामुळे मशीनपर्यंत पोचायला वेळ लागला, हे लिहिलं तर उपयोग होईल का?

तिठ्यावरचा

६० भरू नका. तुमच्या तारखा ऑपरेटरच्या, म्हणजे पार्किंग चालवणाऱ्या कंपनीच्या, विरोधात जातात, म्हणून म्हणतो. नोटीस वेळेत आली असती आणि गाडी खरोखर तासभर जास्त राहिली असती, तर ६० भरा असंच सांगितलं असतं.

आधी हे कागद काय आहेत ते नीट लक्षात घ्या. कौन्सिलच्या नोटिशीलाही पीसीएन म्हणतात आणि खासगी कंपनीच्या नोटिशीलाही. कौन्सिलची 'पेनल्टी', म्हणजे कायद्याने ठरवलेला दंड. ही नुसती 'पार्किंग चार्ज', म्हणजे पाटीवरचा करार मोडल्याबद्दल कंपनीने मागितलेले पैसे. हे दिवाणी येणं आहे, गुन्हा नाही, लायसन्सवर पॉइंट पडत नाहीत. करार ज्याने गाडी लावली त्या चालकाशी झालेला असतो. कंपनीला डीव्हीएलएकडून, म्हणजे वाहन-नोंदणी खात्याकडून, नाव मिळतं ते मात्र कीपरचं, म्हणजे व्ही५सी या गाडीच्या नोंदणीच्या कागदावर नाव असलेल्या माणसाचं. चालकाचं देणं कीपरच्या गळ्यात घालायचं तर एकच वाट आहे: प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट २०१२, परिशिष्ट ४. त्यातल्या अटी काटेकोर पाळल्या नाहीत तर कीपरकडून वसुली होत नाही.

आता तुमचं गणित. काचेवर नोटीस नसेल तर परिच्छेद ९ लागतो. कीपरला नोटीस १४ दिवसांत *पोचली* पाहिजे, आणि मोजणी घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून. ४ मार्च पहिला दिवस, १७ मार्च चौदावा. पोस्टाने पाठवलेली नोटीस टपालात टाकल्यानंतर दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचली असं कायदा धरून चालतो. शुक्रवारी १४ ला टाकली तर सोमवार १७ हा पहिला कामाचा दिवस आणि मंगळवार १८ हा दुसरा. म्हणजे नोटीस एक दिवस उशिरा. हे गृहीतक पुराव्याने खोडता येतं, पण नोटीस आधीच पोचली होती हे दाखवायची जबाबदारी त्यांची. पाकीट टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा. नोटिशीवर छापलेली तारीख आणि प्रत्यक्ष टपालात पडल्याची तारीख यांत अनेकदा फरक असतो, आणि तो फरक तुमच्याच बाजूने जातो.

मुलांबद्दल अजिबात लिहू नका, दोन कारणांसाठी. एक, अडचण, आजारपण, घाई असल्या कारणांवर पॉप्ला मागणी रद्द करत नाही. नोटीस नियमाने दिली की नाही एवढंच ते पाहतात. दुसरं कारण जास्त मोठं आहे: "मला मशीनपर्यंत पोचायला वेळ लागला" असं एक वाक्य लिहिलंत की चालक तुम्हीच, हे तुम्ही स्वतःच सांगून टाकता. मग वरचं सगळं तारखांचं गणित वाया जातं, कारण ते फक्त कीपरला वाचवतं. संपूर्ण अपिलात "चालकाने पैसे भरले", "गाडी बाहेर पडली" अशीच वाक्यरचना ठेवा.

चालकाचं नाव खासगी कंपनीला सांगण्याची सक्ती कीपरवर नाही. पोलिसांनी विचारलं तर वेगळा कायदा लागतो. इथे "कीपर म्हणजेच चालक असणार" असं गृहीत धरायला कायद्यात आधार नाही. "आम्ही परिशिष्ट ४ चा आधार घेतच नाही" असं उत्तर ऑपरेटरने दिलं, तर ते तुमच्याच उपयोगाचं आहे. मग चालक कोण हे त्यांनी पुराव्याने दाखवायला हवं.

मुदत: कोड २८ दिवस चालतो. ९ एप्रिलपासून धरलं तर ७ मे. शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

खडीचा_घाट

तारखेचा मुद्दा पक्का आहे, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. पॉप्लात नंतर नवीन मुद्दा घालता येत नाही, म्हणून सगळं पहिल्याच पीडीएफमध्ये घाला.

दुसरा मुद्दा वेळेचा. ६० विरुद्ध ८० हा हिशेब कॅमेऱ्याचा आहे. एएनपीआर, म्हणजे नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा, फाटकातून आत-बाहेर होण्याची वेळ टिपतो, गाडी उभी राहिल्याची नाही. बीपीए आणि आयपीसी या पार्किंग कंपन्यांच्या दोन्ही संघटनांची एकत्रित आचारसंहिता १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. तिच्यानुसार सुरुवातीला जागा शोधायला, पाटी वाचायला किमान ५ मिनिटं सोडावी लागतात आणि भरलेली मुदत संपल्यावर बाहेर पडायला किमान १० मिनिटं. तुमची मुदत १२:५३ ला संपली, गाडी १३:०२ ला बाहेर. नऊ मिनिटं, म्हणजे हे टोक सुरक्षित आहे.

सुरुवातीचं टोक ११:४२ ते ११:५३, अकरा मिनिटांचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये संहितेत बदल झाला: कॅमेऱ्याच्या पार्किंगमध्ये पैसे भरायला ५ मिनिटांपेक्षा जास्त लागली, पण बाहेर पडण्यापूर्वी पैसे भरले, तर तेवढ्या कारणासाठी चार्ज लावायचा नाही. तुमची घटना त्यानंतरची आहे, तेव्हा हे जरूर लिहा. मात्र ऑपरेटर इथे एक फाटा फोडणार: "पैसे भरले, पण पूर्ण मुक्कामाचे नाही." त्याचं उत्तर पाटीवर आणि तिकिटावर मिळतं. मुदत आत शिरल्यापासून मोजणार असं पाटीवर ठळक लिहिलं आहे का? नसेल, आणि मशीनने स्वतःच १२:५३ छापून दिलं असेल, तर चालकाला दिलेली मुदत १२:५३ हीच. तिकिटाचा फोटो पानभर लावा.

तिसरा मुद्दा पाट्यांचा. इथे ऑपरेटर हमखास पार्किंगआय विरुद्ध बीविस हा सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल पुढे करतो. त्यात चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमधला ८५ पौंडांचा चार्ज कोर्टाने वैध ठरवला. पण तिथे ठळक, मोठ्या आणि जागोजागी लावलेल्या पाट्या होत्या, हा त्या निकालातला महत्त्वाचा भाग. शिवाय ती जागा दोन तास फुकट होती आणि चालक जवळजवळ तासभर जास्त थांबला होता. तुमच्याकडे पैसे घेऊन दिलेली जागा आहे. हा फरक दोन ओळींत मांडा, त्यावर निबंध नको. "चार्ज अवाजवी आहे, नुकसान झालंच नाही" हा जुना युक्तिवाद बीविसनंतर चालत नाही, तो लिहून जागा घालवू नका.

चौथा मुद्दा, जमीनमालकाचा करार. ऑपरेटर बहुधा जमिनीचा मालक नसतो. स्वतःच्या नावाने चार्ज लावायचा आणि कोर्टात जायचा अधिकार मालकाने दिल्याचा लेखी पुरावा मागा.

तिठ्यावरचा

यापुढची पायरी बरेच जण सोडून देतात, म्हणून लिहितो. अपील टाकल्यावर ऑपरेटर पुराव्याचा गठ्ठा चढवतो, कधी पन्नास-साठ पानं. त्यावर टिप्पणी करायला ७ दिवस मिळतात. ईमेल स्पॅममध्ये जाते, रोज बघा. गठ्ठ्यात हे तपासा: तुमच्या एखाद्या मुद्द्याला उत्तरच दिलेलं नाही का? नसेल तर "या मुद्द्याचा प्रतिवाद केलेला नाही" असं स्पष्ट लिहा. करारावर सही, तारीख, मुदत दिसते का, की सगळं काळ्या पट्ट्यांखाली झाकलं आहे? पाट्यांचे फोटो केव्हाचे? नोटीस टपालात टाकल्याचा पुरावा आहे, की फक्त छापील तारीख?

पॉप्लाचा निकाल ऑपरेटरवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. शुल्क काहीच नाही. हरलात तर ६० ची सवलत गेलेली असते, १०० मागतात. जोखीम आहे ती त्या चाळीस पौंडांची.

आणि एक काम समांतर चालू ठेवा: रिटेल पार्कच्या व्यवस्थापनाला आणि जिथे खरेदी झाली त्या दुकानाच्या मॅनेजरला पावती जोडून पत्र. "तुमच्या ग्राहकाला पैसे भरूनही चार्ज लागला, रद्द करायला सांगा." त्यांच्या एका ईमेलवर ऑपरेटर मागणी मागे घेऊ शकतो. इथेही "मी" नको, "आमच्या कुटुंबाची खरेदी" लिहा.

दुपारचा_चहा

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या अपिलात "मी गाडी लावली, पाटी दिसली नाही" असं लिहून गेलंय. पत्रात पॉप्लाऐवजी आयएएस लिहिलंय. आता काय?

खडीचा_घाट

मग कीपरच्या तारखांचा मुद्दा संपला, तो पुन्हा उकरू नका. पाट्या, सुरुवातीची आणि शेवटची सूट, जमीनमालकाचा करार, एवढंच उरतं. आयएएस ही आयपीसीच्या सदस्यांसाठीची अपील यंत्रणा, म्हणजे तुमचा ऑपरेटर आयपीसीचा सदस्य आहे. बीपीएचा असता तर पॉप्ला मिळालं असतं. निवड आपल्या हातात नसते. तिथलाही निकाल तुमच्यावर बंधनकारक नाही. "पाटी दिसली नाही" यावर तुम्हाला पुरावा लागेल: गाडी वळते त्या बाजूने, चालकाच्या नजरेच्या उंचीवरून काढलेले फोटो.

मशीनवर गाडीचा नंबर टाकताना एखादं अक्षर चुकलं म्हणून नोटीस आली असेल तर सांगा. संहितेत त्याची वेगळी तरतूद आहे: किरकोळ चूक असेल तर रद्द, मोठी असेल तर २० पौंडांवर मिटवता येतं.

कोथरूड_ते_क्रॉयडन

कीपर मी, पण गाडी सासरे चालवत होते, ते आता पुण्यात आहेत. त्यांचं नाव देता येतं का?

तिठ्यावरचा

खरोखर तेच चालवत असतील तर देता येतं. चालकाचा पत्ता म्हणजे जिथे तो सध्या राहतो किंवा जिथे त्याच्याशी सहज संपर्क होतो तो, असं परिशिष्टात आहे. तो ब्रिटनमधलाच हवा असं म्हटलेलं नाही. पूर्ण नाव आणि पिनकोडसकट पत्ता लेखी द्या, प्रत ठेवा. कोर्टाची कारवाई सुरू होण्यापूर्वी हे झालं तर कीपर सुटतो. खोटं नाव देणं मात्र फसवणूक आहे, त्या वाटेला कुणीही जाऊ नये.

गाडी लीजची किंवा भाड्याची असेल तर आणखी अटी आहेत. भाडेकरूला पाठवलेल्या नोटिशीसोबत भाडेकराराची आणि मूळ नोटिशीची प्रत लागते. ती बऱ्याचदा नसते, पाकीट उघडताना पानं मोजा. स्कॉटलंडमध्ये परिशिष्ट ४ लागूच नाही, तिथल्यांनी हा धागा जसाच्या तसा वापरू नये.

पायरीवरची_पणती

हरल्यानंतरचं थोडं. वसुली एजन्सीची लाल अक्षरांची पत्रं येतात, वर ७० पौंड चढवलेले असतात. त्यांना घरी येऊन काही उचलायचा अधिकार नाही, कोर्टाचा निकाल नसताना बेलिफ, म्हणजे जप्ती करणारा माणूस, येत नाही. कीपरकडून तर कायद्याने मूळ नोटिशीतल्या रकमेपेक्षा जास्त वसूल होत नाही. ही पत्रं फाइल करा, फोन करू नका.

पण 'लेटर बिफोर क्लेम', म्हणजे दावा लावण्याआधीचं इशारापत्र, आलं तर दुर्लक्ष करायचं नाही. त्यावर ३० दिवस मिळतात. त्यानंतर नॉर्थहॅम्प्टनच्या कोर्ट केंद्रातून क्लेम फॉर्म, म्हणजे दाव्याचा कागद, येतो. फॉर्मवरच्या तारखेनंतर ५ दिवसांनी तो पोचला असं धरतात. तिथून १४ दिवसांत ऑनलाइन फक्त पोच द्यायची, बचावाच्या चौकटीत त्या वेळी एक अक्षरही टाकायचं नाही. पोच दिली की बचाव लिहायला एकूण २८ दिवस होतात. १०० ची मागणी तोवर चढवलेले ७०, कोर्टाची फी ३५ आणि वकिलाचे ५० धरून २५५ ला पोचलेली असते, व्याज वेगळं. २०२४ पासून छोट्या दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे, ती टाळू नका.

सगळ्यात महागात पडतं ते घर बदलणं. जुन्या पत्त्यावर फॉर्म जातो, कुणी उत्तर देत नाही, एकतर्फी निकाल लागतो आणि सहा वर्षं क्रेडिट फाइलवर राहतो. महिन्याच्या आत पूर्ण पैसे भरले तर नोंद पुसली जाते, पण मुळात कळलेलंच नसतं. तो निकाल रद्द करायच्या अर्जाची फीच तीनशे पौंडांच्या वर आहे. घर बदललं तर व्ही५सी वरचा पत्ता बदला, आणि ऑपरेटरच्या डेटा अधिकाऱ्यालाही नवीन पत्ता कळवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ६० भरत नाही. मसुद्यात क्रम असा ठेवते: १७ आणि १८ मार्च, मग तिकिटाची १२:५३, मग पाट्या, मग करार. मुलांचं वाक्य काढलं. पाकीट सापडलंय, त्यावर टपालाचा छाप १७ मार्चचा दिसतो आहे.

तिठ्यावरचा

१७ ला टपालात पडलं असेल तर दुसरा कामाचा दिवस बुधवार १९. दोन दिवस उशीर झाला. पाकिटाचा दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा, छापाचा वेगळा मोठा करून लावा, आणि मुद्दा क्रमांक एकमध्ये आकडे बदला. पाट्यांचे फोटो साधारण दुपारी बाराच्या सुमारास काढा, घटनेच्या वेळचाच उजेड मिळेल. मशीनशेजारची दरपत्रकाची पाटी विसरू नका, मुदत कधीपासून मोजतात ते बहुधा तिथेच बारीक अक्षरात असतं.