विल्यम्सबर्गला झाडलेली चकमकीची बंदूक

*स्नेहाताई:* मंडळी, आज व्हर्जिनियात कलोनियल विल्यम्सबर्गला आलोय. १८व्या शतकातलं गाव जपलंय, पडलेली घरं पुन्हा तशीच बांधलीत, लोहार-सुतार त्याच काळच्या पोशाखात काम करतात. आणि तिथल्या मस्केट रेंजवर मी ब्राउन बेस, म्हणजे तेव्हाच्या इंग्रज शिपायांची चकमकीची बंदूक झाडली, खरी गोळी घालून!

*मामी:* अगं बाई! ओंकारच्या हातात नाही ना दिली?

*स्नेहाताई:* नाही मामी, लहान मुलांना देत नाहीत. आम्हालाही कान-डोळे झाकल्याशिवाय हात लावू दिला नाही.

*मुकुंदमामा:* खांद्याला दणका किती बसतो?

*स्नेहाताई:* बंदूकच साडेचार किलोच्या आसपास, त्यामुळे फार नाही. अवघड वेगळंच आहे मामा. चाप ओढला की घोड्यातली गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या पडतात, आधी बाहेरची रंजक, म्हणजे पेटवायची चिमूटभर दारू, पेटते आणि मग नळीच्या कानातून, म्हणजे बारीक भोकातून, आग आत जाते. गालाशेजारी फस्सकन जाळ होतो, बार त्यानंतर. तेवढ्यात डोळे मिटले की नेम गेला.

*सुहासदादा:* आणि नुसती रंजकच जळली तर?

*स्नेहाताई:* आमच्यातल्या एकांचं तसंच झालं. शिक्षक लगेच म्हणाले, हलू नका, नळी निशाणाकडेच ठेवा. बार उशिराही उडू शकतो. थोडं थांबून त्यांनी गारगोटीची धार पाहिली, कान साफ केला, नवी रंजक घातली.

*सुहासदादा:* शिपाई मिनिटाला ३ बार काढायचे म्हणे.

*स्नेहाताई:* कसलेले काढायचे. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, थोडी दारू रंजकीला, उरलेली गोळीसकट नळीत, मग गजाने ठासायचं. नळीत आटे नाहीत, गोळीही जरा सैल. १०० यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नाही. म्हणून रांग धरून एकदम बार.

*मुकुंदमामा:* पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी अशाच लढल्या. पुढे महादजींच्या वेळी तर आग्र्याच्या कारखान्यात अशा बंदुका आपल्याकडेच घडायच्या. १८०३ला इंग्रजांशी असईची लढाई झाली, तिथे दोन्ही बाजूंना चकमकीच्याच होत्या.

*स्नेहाताई:* मामा, धुराचा लोट उठला तेव्हा मला गारद्यांचीच आठवण झाली. एका बारात समोरचं निशाण दिसेनासं झालं. तिथे हजारो बंदुका, वर तोफा. त्यात रांग न मोडता पुन्हा ठासत राहायचं! फार मोठी माणसं ती.

*मामी:* व्हिडिओ टाक गं.

*स्नेहाताई:* रात्री टाकते. दादा, तू येशील तेव्हा आधी बुकिंग कर, रेंजचं तिकीट वेगळं असतं.