मदत हवी आहे: गावातले वीरगळ आणि एक गधेगाळ वाचवायचा आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव भोर तालुक्यात. महादेवाच्या देवळामागे पाच वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि एक सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीचा स्मारकदगड) उघड्यावर पडून आहेत. एका वीरगळावर खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि त्याच्या बाजूला गाई कोरल्या आहेत, म्हणजे गुरं सोडवताना तो गेला असावा. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जातात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो, अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. लहानपणी आम्ही याच दगडावर बसून चिंचा खायचो, कोणी सांगितलंच नाही की तो कोणाचं स्मारक आहे.

आता देवळाचा जीर्णोद्धार सुरू आहे. दोन दगडांना ऑइलपेंट फासला गेलाय, एक पायरीला लावायचं ठरत होतं, तो कसाबसा थांबवला.

ऑइलपेंट कोरीवकामाला धक्का न लावता कसा काढायचा? ॲसिड आणि तारेचा ब्रश मी कोणाला लावू दिलेला नाही. ओढ्याकाठच्या गधेगाळावर (दान मोडणाऱ्याला गाढवाच्या चित्राची शिवी कोरलेला जुना दगड) चार-पाच झिजलेल्या ओळी आहेत, त्यांचा कागदी ठसा घ्यायला कोणी शिकवेल का? रात्री बाजूने बॅटरीचा तिरपा उजेड टाकून फोटो काढलेत, काही अक्षरं देवनागरी वाटतात. आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह करावा, की मी एकटीने केला तरी चालेल? ज्यांनी आपल्या गावात हे केलंय त्यांनी कृपया लिहा. पुढच्या आठवड्यात फरशीचं काम सुरू होतंय.