टेबलांची आकृती काढणारं साधन: चाचणी आवृत्ती आत्ताच सोडू का?

प्रश्न

मंडळी, डेटाबेसची रचना चित्रात मांडायचं एक साधन बरेच दिवस एकटाच लिहितोय. टेबलं कॅनव्हासवर टाकायची, रेघांनी जोडायची, की पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालींसाठी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, तयार. असलेला डेटाबेस वाचून आकृतीही काढतं. कोड जीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली खुला ठेवणार आहे.

घोडं दोन ठिकाणी अडलंय. टेबलं वाढली की रेघांचा नुसता गुंता होतो. आणि एसक्यूलाइटमध्ये कॉलमचा प्रकार ऑल्टर टेबल या आज्ञेने बदलता येत नाही. नवं टेबल करून डेटा हलवावा लागतो, तो भाग अर्धवट आहे. फाइलचा फॉरमॅटही अजून बदलेल. याला आल्फा (अगदी कच्ची आवृत्ती) म्हणू की बीटा (जवळपास तयार)? की थांबू?

उत्तर १

फॉरमॅट बदलणार म्हणताय, मग आल्फाच. ०.१.०-आल्फा.१ असा आकडा द्या आणि कोड ठेवायच्या गिटहब साइटवर प्री-रिलीजची (अजून पक्की नसल्याची) खूण करा, म्हणजे ती 'लेटेस्ट' म्हणून कुणाच्या गळ्यात पडणार नाही.

रेघांसाठी अजिबात थांबू नका. गुंता डोळ्यांना दिसतो, लोक शिव्या देत टेबलं हाताने सरकवतील. चुकीचं एसक्यूएल मात्र दिसत नाही, ते थेट डेटावर चालतं. म्हणून एसक्यूलाइटचं 'बदल लागू करा' हे बटण या आवृत्तीत बंदच ठेवा. नवा डेटाबेस बनवण्यापुरतं चालू द्या.

सोडण्याआधी एक फेरी मारा. साकिला हा मायएसक्यूएलचा नमुना डेटाबेस, त्याचं पोस्टग्रेस रूप म्हणजे पागिला. तो वाचून आकृती काढा, तिचं एसक्यूएल रिकाम्या डेटाबेसवर चालवा, तो पुन्हा वाचा आणि दोन्ही ताडून पाहा. मूळ साकिलात स्टोअर टेबल स्टाफकडे बोट दाखवतं आणि स्टाफ परत स्टोअरकडे; पागिलात यातली एखादी जोडणी नसेल तर स्वतः घाला. कुठलंही आधी बनवा, दुसरं अजून नसतंच. आधी दोन्ही टेबलं, मग फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे बोट दाखवणारी जोडणी), असा क्रम तुमचं साधन लावतं का, हे तिथे लगेच कळेल.

आणि फाइलमध्ये अगदी वर फॉरमॅटचा आकडा लिहा. आज त्याचा उपयोग शून्य, पण पुढची आवृत्ती जुनी फाइल ओळखेल ती त्यावरूनच.

उत्तर २

टेबलांची नावं देवनागरीत देऊन बघा. पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइट्स मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं. काना, मात्रा, हलंत सगळं धरून २१ चिन्हं झाली की संपलं. पुढचं नाव तो कापतो, नुसती सूचना देतो, एरर नाही.

प्रश्नकर्ता

हे भारी आहे, डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे सुरुवातीची २१ चिन्हं सारखी असलेली दोन टेबलं काढली, तर दुसरं 'आधीच आहे' म्हणून नाकारलं जाणार. नाव टाइप करतानाच बाइट्स मोजून चौकट लाल करतो. एसक्यूलाइटचं बटण बंद करायला जीव होत नाही, पण करतो.

उत्तर ३

एसक्यूलाइटला हात लावताच आहात तर: तिथे फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा ही सेटिंग बदलायची आज्ञा देऊन चालू करावी लागते. नाहीतर लोक तुमच्या सुंदर रेघांवर भरवसा ठेवतील आणि खाली डेटाबेस काहीही आत घेत बसेल. रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये हे सगळ्यात वर टाका. आणि लिंक द्या, आजच उतरवून घेतो.