ऑस्टिओपॅथी आपल्याकडं यावी का? कंबरदुखीवाल्यांनी बोला

कळंबकर: भाचा अमेरिकेत, मिशिगनला आहे. पाठ धरली म्हणून डॉक्टरकडं गेला, तर पाटीवर एम.डी. नाही, डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथीची डिग्री! त्याला वाटलं जडीबुटीवाली बाई. पण तिथं डी.ओ. म्हणजे पुरता डॉक्टर: औषधं लिहितो, ऑपरेशन करतो. वर सांधे-स्नायू हातानं चाचपून मोकळे करायचं, म्हणजेच ऑस्टिओपॅथीचं, जवळपास २०० तासांचं जादा शिक्षण. बाईंनी आधी झोप, खुर्ची, घरातलं तान्हं बाळ सगळं विचारलं, मग पाठीला हात लावला. आपल्याकडं ‘कुठं दुखतं’ सांगेस्तोवर दुखणं मारायची डायक्लोची सुई टोचलेली असते. ही विद्या इकडं आलीच पाहिजे.

परळीचा पोस्टमन: माणूस अख्खा बघायला परदेशी डिग्री कामून लागते? अँड्र्यू स्टिल नावाच्या डॉक्टरनं १८७४ मध्ये हे काढलं. घरातली तीन लेकरं मेंदूज्वरानं गेली, औषधं काहीच कामाला आली नाहीत. राग समजू शकतो. पण मणके-हाडं जागेवर आणली की बहुतेक रोग हटतात, हे त्याचं म्हणणं आज कोण मानतं? मग आमच्याकडं उसण भरल्यावर पायाळू माणसाची लाथ खातात, तीही ऑस्टिओपॅथीच म्हणा की!

ओपीडीतली ताई: पोस्टमनदादा, लाथ राहू द्या. 😀 पण ऑस्टिओपॅथीच्या नावाखाली दोन वेगळी माणसं येतात. अमेरिकेतला डी.ओ. डॉक्टर असतो. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ नाही. १९९३ च्या कायद्यानं त्याला नोंदणी लागते, पण तो हातानं उपचार करणारा. साध्या कंबरदुखीत त्यानं थोडाफार आराम पडतो. दम्याचे, कान फुटण्याचे दावे मात्र तकलादू.

मी फिजिओ आहे. ऊसतोडीवरनं आलेली एक बाई, दोन महिने कंबर धरून. कुणीतरी दोनदा कडाकड मोडून दिलेली. संध्याकाळी कणकण, लुगडं सैल व्हायला लागलेलं. एमआरआयत मणक्याचा टीबी निघाला. असल्या मणक्याला झटका म्हणजे पाय जायची वेळ.

कळंबकर: ताई, हेच तर म्हणतोय मी! मोडणाऱ्यानं तापाचं विचारलं असतं तर?

परळीचा पोस्टमन: विचारायला वेळ लागतो, मामा. बाहेर शंभर जण लाईनीत उभे असतील तर तुमचा डी.ओ.सुद्धा सुईच देईल.

ओपीडीतली ताई: लाईनीचं खरंय. पण दोन प्रश्न मावतात. ताप येतो का, वजन उतरलं का? लघवीवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, तर मालीश नको, मोठा दवाखाना गाठा. त्या बाईला मी मोळी कशी उचलतेस विचारलं, तर ती उठून दाखवायला निघाली. म्हटलं, बस माय, तोंडानंच सांग.

परळीचा पोस्टमन: बरं, भाच्याची पाठ दुखायची राहिली का?

कळंबकर: राहिली म्हणतो. खुर्ची बदलली त्यानं.