बारशाआधी नाव ठरलंच पाहिजे असं नाही

बाराव्या दिवसापर्यंत बाळाचं नाव पक्कं नसेल तर जन्माचा दाखला अडतो, असं काही जण म्हणतात. तसं नाही. 21 दिवसांत नोंदवायचा असतो तो जन्म, आणि नावाचा रकाना कोरा ठेवूनही ती नोंद होते. नाव पहिल्या 12 महिन्यांत फी न भरता घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे मुलीसाठी हटके नाव मनात असेल, तर आत्याने कानात कुर्रर्र केलं की लगेच महापालिकेत पळू नका. आधी महिनाभर घरात हाक मारून बघा. आजीच्या तोंडी त्याचं काय होतं तेही कळेल!

खरी गंमत स्पेलिंगची. इथे ठाण्यात आमच्या नणंदेने लेकीचं नाव हृद्या ठेवलं. फॉर्म भरणाऱ्याने एचपुढे आर-आय टाकलं, आधारवर आर-यू आलं, मग प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे. कमी ऐकलेलं नाव समोरचा स्वतःच्या मनानेच लिहितो, म्हणून देवनागरी आणि इंग्रजी, दोन्हीत ठळक अक्षरांत कागदावर लिहून द्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट वगैरेसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. आणि हो, महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. चारही एका दमात म्हणून बघा. आईचं नाव लांबलचक असेल तर पाच अक्षरी नाव जरा जडच जातं.